पत्रात नावं नाहीत: अमेरिकन यादवी युद्ध आणि गुलामगिरीची अस्सल साधनं शोधण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लघुप्रबंधाचा विषय होता महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका. १८७३ साली निघालेलं हे पुस्तक फुल्यांनी युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून मोकळं करताना त्यांनी दाखवलेलं औदार्य आणि निरपेक्ष परोपकारबुद्धी हे त्याचं कारण. ती सुटका झाली ती १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धातून: एका बाजूला गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं, दुसऱ्या बाजूला केंद्र सरकार आणि उत्तरेकडची राज्यं. विद्यार्थिनीचा प्रश्न तिथूनच निघाला. सोडवणाऱ्यांचा सन्मान झाला, पण जे सुटले ते त्या वेळी काय करत होते? स्वतःच्या सुटकेत त्यांचा हात किती होता?

प्रश्न चांगला होता आणि मार्गदर्शकांनी तो लगेच मान्य केला. अट एकच घातली: प्रबंधातल्या एका प्रकरणाचा पाया तरी प्राथमिक साधनांवर हवा. दुय्यम ग्रंथांतली अवतरणं उचलून चालणार नव्हतं.

हाताशी दहा आठवडे होते. महाविद्यालयाचं ग्रंथालय, एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या सेवेवरून मिळणारी ई-पुस्तकं आणि घरचा लॅपटॉप एवढी साधनसामग्री. ऐतिहासिक कागदपत्रांच्या सशुल्क डेटाबेसचं सभासदत्व महाविद्यालयाकडे नव्हतं आणि परदेश प्रवासाचा प्रश्नच नव्हता.

अडचण

तीन आठवड्यांनी विद्यार्थिनी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात आली तेव्हा तिच्या वहीत ४६ अवतरणं होती. त्यांतली ३८ एकाच ठिकाणची होती. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या २,३००हून जास्त आठवणी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. 'स्लेव्ह' आणि 'सिव्हिल वॉर' हे शब्द टाकून शोध घेतला की बहुतेकांच्या हाती आधी हेच लागतं.

संग्रह मोलाचा आहे. पण तिने ही अवतरणं '१८६१ साली गुलामांना काय वाटत होतं' या मथळ्याखाली लावली होती. साधं गणित करून पाहावं. १९३७ साली ८५ वर्षांचा असलेला माणूस १८५२ सालचा, म्हणजे युद्ध पेटलं तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला आठवतं ते लहानपण, तेही ७५ वर्षांनंतर, जागतिक मंदीच्या दिवसांत, बहुतेक वेळा गोऱ्या मुलाखतकारासमोर. मुलाखत घ्यायला आलेली व्यक्ती सरकारी मदत मिळवून देईल, अशी पुष्कळांची समजूत होती.

समोरच्या माणसाप्रमाणे बोलणं किती बदलतं, याचा दाखला त्याच संग्रहात आहे. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या एका वृद्धेची मुलाखत दोनदा झाली. एकदा तिचं आडनाव हॅम्लिन लिहिलं गेलं, एकदा हॅमिल्टन. गोऱ्या बाईंशी बोलताना तिने मालकाबद्दल चांगलंच सांगितलं. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकारासमोर तीच फटक्यांबद्दल आणि विक्रीत झालेल्या ताटातुटीबद्दल बोलली. विद्यार्थिनीच्या वहीत पहिल्या मुलाखतीतलं अवतरण होतं. दुसरी तिने पाहिलीच नव्हती, कारण आडनाव वेगळं होतं.

भाषांतराचीही अडचण होती. या मुलाखतींत उच्चाराप्रमाणे वेडंवाकडं इंग्रजी स्पेलिंग वापरलं आहे. ती बोली कशी लिहायची याच्या सूचना मुलाखतकारांना वरून आल्या होत्या, म्हणजे स्पेलिंग लिहिणाऱ्याचं आहे, बोलणाऱ्याचं नाही. विद्यार्थिनीने त्याचं भाषांतर 'म्या', 'व्हतं', 'न्हाई' अशा मराठीत केलं होतं. मार्गदर्शकांना ते खटकलं आणि त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडच्या एखाद्या भागाची बोली अमेरिकन गुलामाच्या तोंडी घातली की वाचकाच्या मनात आपल्याकडची जात आणि आपल्याकडचं गाव उभं राहतं. मूळ कागदाशी त्याचा काही संबंध नसतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता याच मुलाखती ठेवून प्रस्तावनेत त्यांच्या मर्यादा सांगण्याचा. वेळ वाचला असता, पण मूळ प्रश्न युद्धकाळातल्या कृतीचा होता आणि त्याला या साधनातून उत्तर मिळत नव्हतं.

दुसरा, आत्मचरित्रांचा. फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं, हॅरिएट जेकब्सचं १८६१चं. अशी शेकडो आत्मकथनं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' या संग्रहात पूर्ण वाचता येतात. ती स्वतःच्या हाताने लिहिलेली किंवा सांगून लिहवलेली आहेत ही मोठी गोष्ट. तरी गाजलेली बरीचशी युद्धाच्या आधी पळालेल्यांची आहेत.

तिसरा पर्याय कष्टाचा होता. एकच ठिकाण आणि एकच काळ धरायचा आणि तिथे ज्या ज्या कचेरीने कागद केला त्या कागदामागे जायचं. त्यातला धोका सरळ होता: कागद लिहिणारे जवळपास सगळे गोरे अधिकारी निघणार.

निर्णय मार्गदर्शकांशी झालेल्या एका बोलण्यात झाला. ते मराठेशाहीचे अभ्यासक, मोडी वाचणारे. त्यांनी पेशवाईतल्या गुलाम स्त्रियांबद्दल, म्हणजे कुणबिणींबद्दल, विचारलं, "अगं, पेशवे दफ्तरात कुणबिणी कुठं सापडतात? त्यांनी आत्मचरित्रं लिहून ठेवलीत का?"

"नाही सर. खरेदी-विक्रीच्या नोंदींत, जमाखर्चात."

"मग तिथलाही जमाखर्च शोध."

या दोन वाक्यांनी पुढच्या शोधाची दिशा ठरली. गुलाम माणसाची नोंद त्याला बोलू द्यावं म्हणून कुणी केली नाही. त्याला खायला किती लागलं, त्याने काम किती केलं, त्याच्यावर हक्क कुणाचा, त्याच्या नावावर पैसे कुणाला द्यायचे, हे ठरवायचं होतं म्हणून केली. म्हणून 'गुलामगिरीवर काय आहे?' असं विचारत बसण्यापेक्षा 'या माणसाबद्दल कागद करायची गरज कुणाला पडली?' असं विचारायचं ठरलं.

ठिकाण म्हणून व्हर्जिनियातला फोर्ट मन्रो निवडला. साउथ कॅरोलायनातल्या सी आयलंड्सचाही विचार झाला होता. तिथली साधनं भरपूर आहेत, पण उत्तरेतून आलेल्या शिक्षकांच्या खासगी पत्रांत विखुरलेली. फोर्ट मन्रोच्या प्रकरणाला नेमकी तारीख आहे आणि सुरुवातीची पत्रं छापील, फुकट मिळणारी आहेत. दहा आठवड्यांतले सात उरले असताना ही गोष्ट निर्णायक ठरली.

प्रकरण असं: २३ मे १८६१च्या रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम होडीने खाडी ओलांडून या किल्ल्यावर आले. व्हर्जिनियाचा बहुतेक भाग दक्षिणेच्या ताब्यात जात असताना किल्ला मात्र केंद्र सरकारच्या फौजेकडे होता. मालक दक्षिणेच्या बाजूचा कर्नल, आणि या तिघांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला लावलेलं. किल्ल्याचा प्रमुख जनरल बेंजामिन बटलर याने त्यांना परत द्यायला नकार दिला.

काय केलं

पहिलं काम शोधशब्दांचं. विद्यार्थिनी 'फोर्ट मन्रो' आणि 'स्लेव्ह' टाकत होती. त्या काळातले पुष्कळ कागद 'फोर्ट्रेस मन्रो' किंवा 'ओल्ड पॉइंट कम्फर्ट' म्हणतात. ज्या ठिकाणाहून तिघे आले त्याचं स्पेलिंग आज 'सूएल्स पॉइंट' असं होतं, जुन्या कागदांत 'सूअल्स' असंही, म्हणजे 'ई'च्या जागी 'ए'. एका अक्षरासाठी अख्खं पत्र निसटतं. गुलामांसाठी 'स्लेव्ह' हा शब्द अधिकारी टाळत. कधी 'निग्रोज', कधी 'सर्व्हंट्स', कधी 'फील्ड हँड्स', मे १८६१नंतर 'कॉन्ट्राबँड्स' (म्हणजे शत्रूकडून जप्त केलेला माल) आणि पुढे 'फ्रीडमेन' (मुक्त झालेले). 'कॉन्ट्राबँड' एकटा टाकला की नाकेबंदीत पकडलेल्या मालाच्या बातम्यांचा ढीग येतो, म्हणून त्याच्या जोडीला ठिकाणाचं नाव आणि तारखेची मर्यादा लागते. वृत्तपत्रांसाठी 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात २० मे ते ३० जून १८६१ एवढाच काळ ठेवला आणि न्यूयॉर्कचं ट्रिब्यून व रिचमंडचं डिस्पॅच अशी दोन बाजूंची दोनच वृत्तपत्रं घेतली. जुन्या छपाईचं यंत्रवाचन, म्हणजे संगणकाने अक्षरं ओळखणं, अडखळतं. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात येत नाही. त्यामुळे महत्त्वाच्या आठ दिवसांचे अंक शोधखिडकीवर न विसंबता पानापानाने चाळले. दोन दुपारी गेल्या, पण शोधात न आलेल्या तीन बातम्या मिळाल्या.

ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना विषयशीर्षकाच्या शेवटच्या तुकड्याकडे पाहायचं. 'युनायटेड स्टेट्स – हिस्टरी – सिव्हिल वॉर, १८६१–१८६५' एवढ्यावर थांबलं तर हजारो दुय्यम ग्रंथ येतात. त्यापुढे 'सोर्सेस', 'पर्सनल नॅरेटिव्ज', 'कॉरस्पॉन्डन्स' किंवा 'डायरीज' लागलं की यादी एकदम कामाची होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'स्लेव्ज' हे शीर्षक आता 'एन्स्लेव्हड पर्सन्स' असं केलं आहे. सगळ्या ग्रंथालयांच्या सूची त्याप्रमाणे सुधारलेल्या नसतात, म्हणून दोन्ही शब्द टाकावे लागतात.

दुसरं काम बटलरची पत्रं मिळवण्याचं. युद्धातली लष्करी कागदपत्रं अमेरिकन सरकारने १८८० ते १९०१ या काळात छापली. एकूण १२८ पुस्तकं, चार मालिकांत. पहिली मालिका मोहिमांची, दुसरी युद्धकैद्यांची, तिसरी उत्तरेच्या प्रशासनाची, चौथी दक्षिणेच्या. विद्यार्थिनीने पहिली मालिका धरली आणि दुसऱ्या खंडात तिला मे महिन्यातली पत्रं मिळाली. त्यावर ती थांबणार होती. खरा साठा मात्र दुसऱ्या मालिकेच्या पहिल्या खंडात आहे. तिथे पळून आलेल्या आणि पकडलेल्या गुलामांना फौजेने कसं वागवलं, याचा स्वतंत्र विभागच आहे. युद्धकैद्यांच्या मालिकेत गुलाम सापडतील असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. दफ्तर लावणाऱ्याच्या डोक्यात मात्र दोन्ही गोष्टी 'आपल्या हद्दीत आलेली पलीकडची माणसं' याच सदरात बसत होत्या.

हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयात हे खंड वाचता येतात, पण सभासद संस्थेतून न आलेल्या वाचकाला तेव्हा बऱ्याच पुस्तकांची पूर्ण फाइल उतरवता येत नव्हती. इंटरनेट आर्काइव्हवर त्याच खंडांच्या पूर्ण प्रती आहेत. पृष्ठांकाची तळटीप देताना मालिका, खंड आणि भाग तिन्ही लिहावे लागतात. एकच खंड दोन-तीन पुस्तकांत विभागलेला असतो आणि नुसत्या 'खंड ११'वरून वाचकाला पान सापडत नाही.

मग पत्र वाचायला घेतलं. मुख्य सेनापती विनफिल्ड स्कॉटला बटलरने लिहिलेल्या पहिल्या पत्रात काय आहे? तीन शेतमजूर गुलाम पहाऱ्यावरच्या शिपायांच्या हवाली झाले. त्यांना कॅरोलायनात नेऊन लष्करी कामाला लावण्याचा घाट होता. त्यांतल्या दोघांच्या बायका-मुलं इथेच होती, एकाची बायको तर स्वतंत्र स्त्री. तिसरा पळाला तो दक्षिणेच्या फौजेत ओढलं जाण्याच्या भीतीने. पुढे बटलर म्हणतो की मला कामाला माणसं हवीच आहेत, म्हणून मी यांना ठेवून घेतो आणि एखाद्या नागरिकाची कुठलीही मालमत्ता लष्करासाठी घेतली तर जशी पावती देतो तशी यांच्या मालकाला देतो.

पावती. माणसांची.

विद्यार्थिनीने इथे एक चूक केली होती आणि ती वेळेत सापडली. तिने मजकुरात तिघांची नावं लिहिली होती आणि खाली तळटीप या पत्राची दिली होती. पत्रात तिघांची नावं नाहीत. नाव आहे ते मालकाचं. नावं तिने एका आधुनिक लेखातून घेतली होती. तळटीप दुरुस्त झालीच, पण ही गोष्ट प्रबंधाच्या मजकुरातही आली: ज्या कागदाने या तिघांना इतिहासात आणलं, त्याने त्यांना नावाने आणलं नाही.

त्याच पत्राचं वाक्य न् वाक्य दोन रंगांत खुणावलं गेलं. निळा म्हणजे बटलरला स्वतःला माहीत असलेलं, लाल म्हणजे त्या तिघांनी सांगितल्याशिवाय त्याला कळणं शक्यच नसलेलं. बायका-मुलं कुठे आहेत, आपल्याला कुठे नेणार आहेत, कशाच्या भीतीने पळालो. हे सगळं लाल निघालं. पत्र बटलरचं असलं तरी त्यातल्या चार ओळींच्या मागे त्या तिघांचं बोलणं आहे, आणि ते बोलणं नीट तोलून केलेलं दिसतं. 'आम्हाला तुमच्या शत्रूच्या कामाला जुंपणार आहेत' हे जनरलला ऐकवण्याइतकं सोयीचं कारण दुसरं कुठलं नव्हतं. पकडलेल्यांच्या जबान्या वाचायची सवय असलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

२७ मेच्या पत्रात बटलर कळवतो की आता बायका-मुलांसह अख्खी कुटुंबं येत आहेत. धडधाकट माणसांना कामाला लावू, सगळ्यांना शिधा देऊ, काम न करू शकणाऱ्यांचा खर्च कामकऱ्यांच्या श्रमावर टाकू आणि दोन्हींचा चोख हिशेब ठेवू. ३० जुलैच्या पत्रात त्याने आकडे दिले: ३०० धडधाकट पुरुष, जड कामाचं वय उलटलेले ३०, बायका १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५, दहा ते अठरा वयाची १७०. बेरीज ९००. आणि प्रश्न दोन विचारले: यांचं करायचं काय, आणि यांचा दर्जा काय? एकूण नऊशेंत धडधाकट पुरुष फक्त तीनशे, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. 'लष्कराला मजूर हवे होते म्हणून ठेवून घेतले' एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही, हे या बेरजेतूनच दिसतं. तीन माणसांच्या मागून दोन महिन्यांत घरंच्या घरं आली.

इथून तिसरं काम निघालं. हिशेब ठेवू म्हटलं, तर तो गेला कुठे? त्याच खंडात बटलरनंतर आलेल्या जनरल वूलचा १ नोव्हेंबर १८६१चा हुकूम आहे. अठरा वर्षांवरच्या धडधाकट पुरुषाला महिना दहा डॉलर, मुलांना आणि अशक्तांना पाच. हातात मात्र दोन आणि एक डॉलर, उरलेले इतरांच्या पोटापाण्यासाठी कापून. पुढे मजुरी मिळत नाही अशी तक्रार मिशनरींनी उत्तरेत पोचवली, चौकशी झाली आणि ती कागदपत्रं १८६२ साली प्रतिनिधिगृहाने छापली. त्या छापील दस्तऐवजाच्या शीर्षकात 'स्लेव्ह' नाही, 'कॉन्ट्राबँड' नाही, 'निग्रो'ही नाही. शीर्षक आहे 'आफ्रिकन्स इन फोर्ट मन्रो मिलिटरी डिस्ट्रिक्ट'. शोधशब्दांच्या यादीत तो शब्द नसल्यामुळे हा कागद पाचव्या आठवड्यापर्यंत हाती लागला नाही.

चौथं काम थेट साक्षींचं. मेरिलँड विद्यापीठाचा 'फ्रीडमेन अँड सदर्न सोसायटी प्रोजेक्ट' १९७६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले मुक्तीविषयीचे कागद निवडून, मूळ स्पेलिंगसह छापत आला आहे आणि त्यांतले काही संकेतस्थळावर आहेत. १८६३ साली युद्धखात्याने नेमलेल्या चौकशी आयोगासमोर फोर्ट मन्रोच्या अधीक्षकाने ९ मे रोजी दिलेली साक्ष तिथे मिळाली. तो सांगतो की माणसं रिचमंडहून आणि थेट नॉर्थ कॅरोलायनातून २०० मैलांवरून येतात, काही जण आधी एकटे येऊन इथली परिस्थिती पाहतात, थोडे पैसे कमावून बायकोला आणायला परत जाणार म्हणतात. बातमी कशी पसरत होती आणि माणसं ती पारखून कशी घेत होती, हे याहून जवळून दाखवणारा कागद या शोधात दुसरा मिळाला नाही.

तळटिपेत विद्यार्थिनीने फक्त संकेतस्थळाचा पत्ता दिला होता. त्या पानाच्या तळाशी मूळ कागदाचा ठावठिकाणा आहे: ओ-३२८, १८६३, लेटर्स रिसीव्हड, मालिका १२, ॲडज्युटंट जनरलची कचेरी, रेकॉर्ड ग्रुप ९४. तोही पूर्ण घ्यायचा. संकेतस्थळं हलतात, दफ्तराचा क्रमांक टिकतो.

शिवाय एक दावा वापरला. उत्तरेच्या फौजेने नेलेल्या मालाची भरपाई दक्षिणेतल्या एकनिष्ठ नागरिकांना देण्यासाठी १८७१ साली आयोग नेमला गेला. त्याच्याकडे २२,२९८ दावे आले. त्यांत पूर्वी गुलाम असलेल्यांचेही आहेत. मालकाला ठरावीक रक्कम देऊन स्वतःचे श्रम स्वतः विकणारा, पैसे साठवणारा, दुकान टाकणारा गुलाम या शपथेवरच्या जबान्यांत भेटतो. फोर्ट मन्रोजवळच्या हॅम्प्टनच्या परिसरातला असाच एक दावा तिने घेतला. मंजूर दावे रेकॉर्ड ग्रुप २१७मध्ये आणि नामंजूर २३३मध्ये असतात. एकाच ठिकाणी शोधून 'नाही' म्हणू नये.

फसलेला एक प्रयत्न

१८६० सालच्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून त्या पाहता येतात. विद्यार्थिनीने मालकाच्या नावाची यादी शोधायची आणि तिघांच्या अंदाजे वयाच्या ओळी 'ओळखायच्या' असं ठरवलं होतं. चार दिवस त्यात गेले.

या याद्यांत मालकाचं नाव असतं. गुलामाचं नसतं. वय, लिंग, वर्णासाठी एक अक्षर, पळून गेला असल्यास खूण, आणि शेवटी राहत्या खोपटांची संख्या. वयं बहुधा अंदाजाने सांगितलेली. वीस-पंचवीस वयाचे पुरुष एका मालकाकडे चार असले तर त्यांतला बेकर कोण आणि टाउनसेंड कोण, हे ठरवायला आधार नाही. शिवाय भाड्याने दिलेला गुलाम दुसऱ्याच घरी मोजला गेलेला असू शकतो. संदर्भ विभागाच्या ग्रंथपाल मॅडमनी इथे ठाम नकार दिला आणि तो योग्य होता. नावाविना ठेवलेल्या माणसाला नाव द्यायची ओढ समजण्यासारखी आहे, पण चुकीच्या ओळीला नाव चिकटवलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी अस्तित्व पुसलं जातं. कृष्णवर्णीय लोकसंख्या एकजात नावानिशी येते ती १८७०च्या जनगणनेपासून.

निष्पत्ती

प्रबंधातलं ते प्रकरण वेळेत पूर्ण झालं. ४६ अवतरणांपैकी मुलाखतींतली पाच राहिली, तीही 'मुक्तीची आठवण' या वेगळ्या उपविभागात. चार्ल्स्टनच्या वृद्धेच्या दोन्ही मुलाखती समोरासमोर ठेवल्या. फोर्ट मन्रोची १७ कागदपत्रं पायाला आली: पत्रं, हुकूम, संसदीय दस्तऐवज, एक साक्ष, एक दावा आणि दोन बाजूंच्या बातम्या. बोलीतली भाषांतरं काढून साधं प्रमाण मराठी वापरलं आणि मूळ स्पेलिंगबद्दल एक टीप दिली. 'कॉन्ट्राबँड'साठी 'जप्तीचा माल' हा शब्द एकदा देऊन पुढे मूळ शब्दच ठेवला, कारण त्यातली सोय आणि त्यातला अपमान दोन्ही मराठी शब्दात एकत्र येत नव्हते.

अर्पणपत्रिकेबद्दलचं तिचं म्हणणंही या कागदांनी बदललं. आधी तिला फुल्यांची माहिती अपुरी होती असं लिहायचं होतं. आता तिने लिहिलं ते असं: फुल्यांनी ज्या परोपकारबुद्धीचा गौरव केला ती १८६१च्या मे महिन्यात सरकारी धोरणात अजून नव्हती, पळून आलेल्या माणसांनी तिला दाराशी येऊन प्रश्न विचारला. फुल्यांची अर्पणपत्रिका इथल्या वरच्या जातींच्या वाचकाला उद्देशून आहे, त्यांनी तो कित्ता गिरवावा म्हणून आहे. अमेरिकेचा इतिहास सांगणं हा तिचा हेतू नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी याच मुद्द्यावर पंधरा मिनिटं घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

ठिकाण आणि काळ पहिल्याच आठवड्यात ठरायला हवा होता. तीन आठवड्यांतली बहुतेक मेहनत वाया गेली, कारण प्रश्न नेमका होण्याआधीच अवतरणं जमवायला सुरुवात झाली.

शोधशब्दांची यादी एकदाच केली आणि ती बंद ठेवली. ती रोज वाढायला हवी. प्रत्येक सापडलेल्या कागदातून माणसांसाठी, जागेसाठी, कचेरीसाठी वापरलेले शब्द काढून यादीत घालायचे. तसं केलं असतं तर 'आफ्रिकन्स' हा शब्द आधीच हाती आला असता.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'आस्क अ लायब्रेरियन' सेवेला प्रश्न पाठवला तो सातव्या आठवड्यात. ही सेवा फुकट आहे. 'गुलामगिरीवर साधनं सांगा' असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. हे-हे खंड पाहिले, अमुक पत्रं मिळाली, १८६१–६२ मधल्या मजुरीचे मूळ हिशेब कुठल्या दफ्तरात असतील, असं विचारल्यावर उत्तरात नेमके दुवे आले. पण ते हिशेब पाहायला वेळ उरला नव्हता.

पेन्शनच्या फायलींवरही पाणी सोडावं लागलं. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्या किंवा त्यांच्या विधवांच्या पेन्शन अर्जांत लग्न कुठे झालं, मालक कोण होता, शेजारी कोण, हे सगळं साक्षीदारांच्या शपथेवर येतं. स्त्रियांचे आवाज सर्वांत जास्त तिथेच सापडतात. अभिलेखागाराकडून एका पूर्ण फायलीची प्रत मागवायला पहिल्या १०० पानांसाठी ८० डॉलर लागत होते. विद्यार्थिनीला ते झेपणारं नव्हतं आणि प्रत हाती पडेपर्यंत सादरीकरणाची तारीख उलटून गेली असती. फोर्ट मन्रोला १८६३च्या डिसेंबरात उभारलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या कृष्णवर्णीय घोडदळाच्या सेवापत्रकांतून तिने हॅम्प्टनच्या आसपास जन्मलेल्या अकरा जणांची नावं, वयं आणि व्यवसाय उतरवून घेतले. ती यादी, शोधशब्दांच्या वहीसह, महाविद्यालयाच्या संदर्भ विभागात ठेवली आहे. पुढच्या वर्षी याच विषयावर काम करणाऱ्याने पेन्शन फाइल मागवायची झाली तर विभागाने ती महाविद्यालयाच्या खर्चातून, पहिल्या महिन्यातच मागवायची असं ठरलं आहे.